प्रेअरीतल्या लहान गावाजवळ कारखान्यासाठी जमीन घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात कॅल्गरीहून ट्रान्स-कॅनडा महामार्गानं पूर्वेकडे निघालं की पाऊण तासात स्ट्रॅथमोर लागतं. सुमारे १४ हजार वस्तीचं गाव, भोवती व्हीटलँड काउंटीची (काउंटी म्हणजे गावाबाहेरच्या ग्रामीण भागाचं स्थानिक प्रशासन) सपाट शेतं आणि अधूनमधून 'विकणे आहे'ची पाटी. मी मूळचा सांगलीचा. कारखान्यांच्या जागेपर्यंत पाणी, सांडपाणी आणि रस्ते पोचवण्याचं काम मी या भागात करतो. शीतगृह, मसाल्याचा कारखाना, ट्रक दुरुस्तीचं आवार असं काहीतरी मनात घेऊन आपली माणसं विचारायला येतात, आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'एकरी भाव काय?' हाच असतो. तो मी इथे शेवटी घेतला आहे. आधीच्या प्रश्नांची उत्तरं हातात आल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

क्वार्टर म्हणजे किती जमीन? आणि हा आकड्यांचा पत्ता कसा वाचायचा?

१८७१ मध्ये विनिपेगजवळून सुरू झालेल्या सरकारी मोजणीनं सगळी प्रेअरी, म्हणजे इथलं सपाट गवताळ मैदान, चौकोनांत कापली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिच्यात ३६ सेक्शन. एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. त्याचा चौथा भाग म्हणजे क्वार्टर, १६० एकर. आपल्या हिशेबात ६,४०० गुंठे. इथला शेतकरी एकरांत क्वचितच बोलतो, 'माझे सात क्वार्टर आहेत' असं सांगतो.

पत्ता समजा 'एनई १४-२४-२५ डब्ल्यू ४' असा आहे. तो उलटीकडून वाचा. चौथी मेरिडियन, म्हणजे अल्बर्टा आणि सस्कॅचवानच्या सीमेवरचं ११० अंश पश्चिम रेखांश. तिथून पश्चिमेला पंचविसावी रेंज, म्हणजे सहा मैल रुंद उभा पट्टा. अमेरिकेच्या सीमेपासून उत्तरेला चोविसावी टाउनशिप. तिच्यातला चौदावा सेक्शन, आणि त्याचा ईशान्येकडचा चतुर्थांश. सेक्शनचे आकडे आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात आणि नांगरटीच्या तासांसारखे एकदा पश्चिमेला, एकदा पूर्वेला असे वळत जातात. एकदा हे डोक्यात बसलं की नकाशा नसतानाही जागा कुठे आहे ते कळतं. जागा बघायला जायच्या आधी हा पत्ता मागून घ्या. 'गावाच्या थोडं पुढे, सायलोपाशी' असल्या वर्णनावर काहीही तपासता येत नाही.

सातबारासारखं काही असतं का?

असतं, पण त्याचं वजन वेगळं आहे. सातबारा हा महसुली दप्तराचा उतारा. त्यावर नाव आहे एवढ्यानं मालकी निर्विवाद सिद्ध होत नाही, म्हणून आपण तीस-तीस वर्षांचा शोध घेतो. अल्बर्टात टॉरेन्स पद्धत आहे. लँड टायटल्स कार्यालयातलं टायटल हाच मालकीचा पुरावा आणि सरकार त्याच्या मागे उभं असतं. भाऊबंदकीचे जुने दावे अचानक वर येत नाहीत.

पण म्हणून टायटलचं पहिलं पान बघून स्वस्थ बसायचं नाही. खाली ज्या नोंदी असतात, कॅव्हिएट (दुसऱ्या कोणाच्या हक्काची सूचना), युटिलिटी राइट ऑफ वे (वाहिन्या आणि तारांसाठी दिलेला पट्टा), इझमेंट (दुसऱ्याचा वापराचा हक्क), त्यातली प्रत्येक मूळ कागद मागवून वाचायची. जागेच्या मधोमध गॅसची वाहिनी गेली असेल तर ती तिथल्या एका ओळीत लपलेली असते, आणि तिच्यावर इमारत बांधता येत नाही.

जमीन माझी झाली तर खालचं तेलही माझं?

बहुधा नाही. अल्बर्टातल्या खनिज हक्कांपैकी सुमारे ८१ टक्के प्रांत सरकारकडे आहेत. १८८७ नंतर वसाहतकऱ्यांना जमिनी देताना सरकारनं खनिजं स्वतःकडे ठेवली. त्याआधी दिलेल्या जमिनी, रेल्वे कंपनीच्या आणि हडसन बे कंपनीच्या वाट्याच्या जमिनी, यांचे हक्क खासगी हातांत गेले. तुमच्या टायटलवर खनिजं वगळल्याचा उल्लेख असणार असं धरूनच चाला.

ज्याच्याकडे खालचे हक्क आहेत त्याला वर येऊन विहीर खोदण्याची वाट कायद्यानं मिळू शकते. तुम्ही नाही म्हणालात तर तो लँड अँड प्रॉपर्टी राइट्स ट्रायब्युनलकडे जातो आणि प्रवेशाचा आदेश घेऊन येतो. तुम्हाला मोबदला मिळतो, पण नकाराधिकार नाही. त्या भागात सध्या खनिजांचे भाडेपट्टे कोणाकडे आहेत हे जमीन घेण्याआधी बघून ठेवा.

मी अजून कॅनडाचा नागरिक नाही. घेता येईल का?

पर्मनंट रेसिडेंट असाल तर अल्बर्टात नागरिकासारखीच घेता येते. वर्क परमिटवर असाल किंवा भारतात राहून घेत असाल तर गाव, शहर आणि व्हिलेज यांच्या हद्दीबाहेरच्या जमिनीवर मर्यादा आहे: जास्तीत जास्त दोन तुकडे, मिळून २० एकर. परदेशी बहुमत असलेल्या कंपनीलाही हेच लागू होतं. काही औद्योगिक वापरांना नियमांत सूट आहे, पण ती आपल्याला बसते का हे वकिलाकडून सहीच्या आधी लेखी घ्या.

गावाच्या हद्दीतल्या औद्योगिक प्लॉटला ही मर्यादा नाही. परदेशी खरेदीदारांवर २०२३ पासून जी केंद्रीय बंदी आहे ती राहत्या घरांची, कारखान्याच्या जागेची नाही. या दोन गोष्टींची लोक फार गल्लत करतात.

शेजारच्या सस्कॅचवान प्रांतात बाहेरच्या माणसाला शेतजमिनीची मर्यादा १० एकर, मॅनिटोबा प्रांतात ४० एकर. पैसा भारतातून आणणार असाल तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलर पाठवता येतात. नवरा-बायको दोघांचं मिळून पाच लाख. त्या अंदाजानं खरेदीच्या तारखा ठरवा.

एनए करावी लागते का?

लागते, फक्त तिचं नाव वेगळं आणि देणारा वेगळा. आपल्याकडे जिल्हाधिकारी डोळ्यांसमोर येतो. इथे काउंटीचं किंवा गावाचं निवडून आलेलं कौन्सिल असतं. जमीन शेतीच्या झोनमध्ये असेल तर ती औद्योगिक झोनमध्ये बदलण्यासाठी बायलॉ, म्हणजे कौन्सिलचा स्थानिक कायदा, दुरुस्त करावा लागतो. त्याची तीन वाचनं होतात आणि दुसऱ्या वाचनाआधी जाहीर सुनावणी. समोरच्या क्वार्टरचा शेतकरी उभा राहून धूळ, दिवे आणि ट्रकबद्दल बोलतो, आणि कौन्सिल त्याचं ऐकतं, कारण तो त्यांचा मतदार आहे.

सुनावणीच्या दिवशी त्याची पहिली भेट होऊ देऊ नका. महिनाभर आधी त्याच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी घ्या, ट्रक कोणत्या रस्त्यानं येणार ते कागदावर काढून दाखवा. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. त्या भेटींतून रस्ता बदललेले आणि त्यामुळे सुधारलेले आराखडे मी बघितले आहेत. तीन पिढ्या तिथे राहिलेल्या माणसाला बर्फ कुठे साचतो आणि वितळल्यावर पाणी कुठून वाहतं हे कुठल्याही सर्वेक्षकापेक्षा जास्त माहीत असतं.

झोन बदलला म्हणजे काम संपलं नाही. मोठ्या जागेला आधी एरिया स्ट्रक्चर प्लॅन, म्हणजे सगळ्या परिसराचा आराखडा, लागू शकतो, मग तुकडे पाडायचे असतील तर सबडिव्हिजन, मग डेव्हलपमेंट परमिट, म्हणजे जागेच्या वापराची परवानगी, मग बिल्डिंग परमिट. तुकडे पाडताना १० टक्क्यांपर्यंत जमीन किंवा तिचे पैसे सार्वजनिक वापरासाठी द्यावे लागतात. डेव्हलपमेंट परमिटचा निर्णय पूर्ण अर्ज आल्यापासून साधारण ४० दिवसांत अपेक्षित असतो आणि त्यावर अपील करायला २१ दिवस. महामार्गालगत, म्हणजे त्याच्या हद्दीपासून ३०० मीटरच्या आत किंवा चौकाच्या मध्यापासून ८०० मीटरच्या आत जागा असेल तर प्रांताच्या वाहतूक खात्याची परवानगी वेगळी. 'महामार्गाला लागून' ही जाहिरातीतली जमेची बाजू अर्जाच्या वेळी अशी जड जाते.

पाणी मिळेल ना?

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

दक्षिण अल्बर्टा कोरडी आहे. २००६ मध्ये प्रांतानं बो, ओल्डमन आणि साउथ सस्कॅचवान या उपखोऱ्यांत नदीच्या पाण्याचे नवे परवाने घेणं बंद केलं. कॅल्गरी, स्ट्रॅथमोर, लेथब्रिज, टेबर हा सगळा पट्टा त्यात येतो. नदी समोर वाहताना दिसते, पण तिच्यातलं पाणी कागदावर आधीच वाटून झालेलं आहे. परवान्यांची पद्धत 'आधी आला त्याचा हक्क आधी' अशी आहे. दुष्काळात १९०० च्या सुमाराचा परवाना असलेल्याला आधी मिळतं, अलीकडच्याला शेवटी. नव्या माणसाला एकच वाट उरते, कोणाचा तरी जुना परवाना किंवा त्याचा हिस्सा विकत घेणं. तो हस्तांतरित करताना प्रांत १० टक्क्यांपर्यंत पाणी नदीसाठी राखून ठेवू शकतो.

कॅल्गरीच्या उत्तरेला बाल्झॅक इथे हेच घडलं. मोठा मॉल उभा करायचा ठरलं, जमीन होती, रस्ता होता, पाणी नव्हतं. अखेर वेस्टर्न इरिगेशन डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या पाटबंधारे संस्थेच्या परवान्यातून काही पाणी वळवावं लागलं. त्यावर भागात बरीच वादावादी झाली. मॉल २००९ मध्ये उघडला. कृष्णाकाठच्या माणसाला पाण्याचा लवाद काय असतो हे सांगावं लागत नाही. इथे तो एकेका कारखान्याच्या पातळीवर लढवला जातो.

पाणी गावाच्या नळातून घेऊ म्हणाल, तर गावाला ते कुठून येतं हे विचारा. स्ट्रॅथमोरला शुद्ध केलेलं पाणी कॅल्गरीहून वाहिनीनं येतं. जून २०२४ मध्ये कॅल्गरीची मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा एअरड्री, चेस्टरमिअर आणि स्ट्रॅथमोरमध्येही पाणी वापरावर निर्बंध आले. तुमचा कारखाना ज्या नळावर चालणार त्याचं उगमस्थान पन्नास किलोमीटर दूर असू शकतं.

काही वर्षांपूर्वी भाज्या धुऊन पॅक करण्याच्या एका छोट्या उद्योगासाठी मी जागा तपासत होतो. जागेसमोरून रस्त्याखाली जलवाहिनी गेलेली होती आणि विकणाऱ्याच्या कागदावर 'पाणी उपलब्ध' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. घेणाऱ्यानं त्यावर विश्वास ठेवून करारातल्या अटी उठवल्या होत्या, म्हणजे माघारीची वाट बंद केली होती. मी चौकशी केली तेव्हा कळलं की नळ होता, पण त्यातली क्षमता पुढच्या वसाहतीला देऊन टाकलेली होती. त्या कुटुंबाला दोन उन्हाळे टँकरनं पाणी आणावं लागलं. तेव्हापासून मी 'नळ आहे का' असं विचारत नाही. 'रोज इतके घनमीटर मला देणार असं लेखी द्याल का' असं विचारतो.

बोअरवेल? जमिनीवर राहणाऱ्या कुटुंबाला घरगुती वापरासाठी वर्षाला १,२५० घनमीटरपर्यंत परवान्याशिवाय काढता येतं. कारखान्याला हे लागू नाही. भूजलाचा परवाना वेगळा मागावा लागतो, चाचणी करून दाखवावी लागते, आणि पाणी खारट निघण्याची शक्यता असते.

सांडपाण्याचंही तसंच आहे, थोडक्यात सांगतो: बटाटा, दूध किंवा मांस प्रक्रियेचं पाणी लहान गावाचं लगून, म्हणजे सांडपाण्याचं तळं, पेलू शकत नाही. पाण्याबरोबरच ते कुठे जाणार हेही लेखी घ्या.

वाळक्या खोलगट जागेत भराव घालून सपाट केलं तर?

थांबा. त्या जागेला इथे स्लू म्हणतात. हिमनदीनं मागे ठेवलेले हे खळगे ऑगस्टमध्ये गवताळ आणि कोरडे दिसतात, एप्रिलमध्ये त्यांत बदकं पोहत असतात. भराव घालायला किंवा पाणी काढायला प्रांताची परवानगी लागते आणि पाणथळ जागा नष्ट केल्याची भरपाई पैशांत द्यावी लागू शकते. कायमस्वरूपी नैसर्गिक तळ्याचा तळ तर सरकारच्या मालकीचा मानला जातो, तो तुमच्या टायटलच्या आत असला तरी. सर्वेक्षण झाडोरा हिरवा असतानाच होतं, म्हणून नोव्हेंबरमध्ये घेतलेल्या जागेचा अहवाल पुढच्या उन्हाळ्यात हाती येतो. जमीन बर्फ वितळताना एकदा आणि उन्हाळ्यात एकदा बघा.

जुन्या तेलविहिरींची भीती किती खरी?

खरी आहे, पण तपासता येण्याजोगी आहे. सोडून दिलेली विहीर जमिनीखाली कापून झाकलेली असते, वर काहीच दिसत नाही. अल्बर्टा एनर्जी रेग्युलेटरच्या नकाशावर ती सापडते. तिच्याभोवती किमान पाच मीटर मोकळे ठेवावे लागतात, म्हणजे दुरुस्तीचं यंत्र आणता येईल. जवळपास आंबट वायूची, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडची, चालू विहीर किंवा वाहिनी असेल तर अंतरं बरीच वाढतात. वाहिनीपासून ३० मीटरच्या आत खोदण्याआधी तिच्या मालकाला कळवावं लागतं.

विहीर चालवणारी कंपनी बुडाली तर साफसफाईचं काय, हा प्रश्न रेडवॉटर नावाच्या कंपनीच्या प्रकरणात थेट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की दिवाळखोरीतही सावकारांच्या आधी विहिरी बंद करण्याची जबाबदारी पार पाडावी लागेल. तरी तुमच्या जागेवरची घाण तुमच्या डोक्यावर येऊ नये म्हणून पहिल्या टप्प्याचा पर्यावरण अहवाल स्वतःच्या नावानं करून घ्या. विकणाऱ्याचा जुना अहवाल बँक बहुधा मानत नाही.

माती कशी असते?

मराठवाड्यातल्या इंजिनिअरला ओळखीची वाटेल. जुन्या हिमसरोवरांच्या तळाची चिकणमाती, विशेषतः सस्कॅचवानातल्या रिजायनाच्या परिसरातली, आपल्या काळ्या कपाशीच्या मातीसारखी ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. त्यात इथली गोठवणारी थंडी. हिवाळ्यात जमीन इतकी खोल गोठते की पाण्याचे नळ अडीच-तीन मीटर खाली टाकावे लागतात. मातीतले सल्फेट साधं काँक्रीट खातात, म्हणून सल्फेटरोधक सिमेंट लागतं. बोअर घेऊन मातीचा अहवाल घ्या. त्याचा खर्च पायाच्या एका दुरुस्तीपुढे काहीच नाही.

वीज आणि रस्ते?

वीज तारांवर दिसते म्हणून पुरेल असं नाही. शेतावरची तार बऱ्याचदा एका फेजची असते. तीन फेज किती अंतरावरून आणायचे आणि त्याचा खर्च कोण देणार, हे वायर कंपनीकडून पत्रात घ्या.

रस्त्याबद्दल एकच गोष्ट लोक विसरतात. बर्फ वितळतो तेव्हा रस्त्याचा पाया मऊ होतो आणि वसंतात ट्रकच्या आसावरचं वजन ९० किंवा ७५ टक्क्यांवर आणतात. तुमचा माल एप्रिलमध्ये निघणार असेल तर काउंटीच्या खडीच्या रस्त्यावर तो अर्धवट भरून न्यावा लागेल. काउंटी रस्ता वापराचा करार मागते आणि कधी रस्ता सुधारण्याचा खर्चही.

गावात घ्यावी की काउंटीत?

पहिला कारखाना असेल तर गावात, असं माझं स्पष्ट मत आहे. सुविधा असलेला दोन-तीन एकरांचा प्लॉट क्वार्टरपेक्षा एकरी कितीतरी महाग दिसतो, पण झोन झालेला असतो, नळ आणि सांडपाणी जागेपर्यंत असतं, परदेशी मालकीची मर्यादा नसते. काउंटीत तेव्हा जा, जेव्हा जागाच फार लागते किंवा तुमचा उद्योग घरांजवळ नको असतो. डी हॅविलंड कंपनीनं २०२२ मध्ये चीडल जवळ विमानांच्या कारखान्यासाठी सुमारे १,५०० एकरांची योजना जाहीर केली, ती काउंटीतच बसते.

ही जमीन मुळात कोणाची?

स्ट्रॅथमोरच्या परिसरात ट्रीटी ७ लागू आहे. १८७७ मध्ये ब्लॅकफूट क्रॉसिंग इथे सिक्सिका, काइनाय, पिकानी, स्टोनी नाकोडा आणि त्सूत'इना यांच्याबरोबर हा करार झाला. सिक्सिका राष्ट्राची राखीव जमीन काउंटीला लागूनच आहे आणि ती विकत घेता येत नाही. न नांगरलेल्या माळावर तंबूंभोवती रचलेल्या दगडांची वर्तुळं अजून सापडतात. ऐतिहासिक वारशाच्या यादीत तुमचा क्वार्टर असेल तर खोदण्याआधी प्रांताची मंजुरी लागते. त्या दगडांना कोणी हात लावू नये हे काम घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा.

खरेदीचा करार कसा असतो? कर किती?

मुद्रांक शुल्क अल्बर्टात नाही, किमतीवर आधारित नोंदणी शुल्क आहे. मॅनिटोबात मात्र दोन लाख डॉलरच्या पुढच्या रकमेवर २ टक्के हस्तांतरण कर आहे. केंद्राचा जीएसटी ५ टक्के. घेणारा नोंदणीकृत असेल तर तो स्वतःच्या विवरणपत्रात दाखवून त्याची वजावट घेतो. सस्कॅचवानात बांधकामाच्या बिलावर ६ टक्के प्रांतीय करही येतो. शेतजमिनीची घरपट्टी पिकाऊपणावर मोजली जाते म्हणून ती नगण्य वाटते. कारखाना सुरू झाला की बाजारभावावर आणि बिगरनिवासी दरानं.

करार अटींसह करा आणि इसार वकिलाच्या किंवा ब्रोकरच्या विश्वस्त खात्यात ठेवा. अटी उठवायला ९० दिवस मागा. झोन बदलायचा असेल तर त्याहून जास्त. अटी उठवल्या की माघार नाही.

मग एकरी भाव काय?

आता विचारा. मागितलेल्या किमतीत झोन बदलण्याचा खर्च मिळवा, गावाची ऑफ-साइट लेव्ही, म्हणजे जागेबाहेरच्या पाणी-रस्त्यांच्या कामांसाठीची आकारणी, मिळवा, पाण्याच्या परवान्याचा किंवा वाहिनीचा, तीन फेजचा आणि रस्त्याचा खर्च मिळवा, भराव किंवा पाणथळ भरपाई मिळवा. मग एकूण एकरांनी भागू नका. स्लू, वाहिनीचा पट्टा, विहिरीभोवतीची जागा आणि राखीव १० टक्के वजा करून जेवढ्यावर खरोखर बांधता येतं त्या एकरांनी भागा. हा आकडा घेऊन काउंटीच्या नियोजन अधिकाऱ्याची अर्जाआधीची भेट मागा. सोबत तो आकड्यांचा पत्ता न्या आणि रोज किती घनमीटर पाणी लागेल ते एका ओळीत लिहून न्या. बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासात तुम्हाला कळतं की पुढे जायचं की शेजारच्या गावात चौकशी करायची.